उलट्या लिलावातली जेवणाची सुट्टी

चहा मांडीवर आला तेव्हा ती उन्हाचाच विचार करत होती. कोपर टेबलावर टेकवलं, टेबल नेहमीच्या जागी थांबलं नाही, बोटभर पुढे कललं, आणि चहाला वाटलं निघायची वेळ झाली. ओरडण्याइतका तो गरम नव्हता, गप्प बसण्याइतका गारही नव्हता. तिने मधला मार्ग म्हणून "आई गं" एवढंच म्हटलं आणि खाली वाकून बघितलं. चौथ्या पायाखालची घडी गेली होती. ती घडी म्हणजे एका जुन्या कॅलेंडरचं पान, वरून कळकट आणि आतून बहुधा अजून स्वच्छ, वडिलांनी घातलेली. वडील गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण घडी होती, त्यामुळे ते घरात कुठेतरी थोडेसे वाकून बसलेत असं तिला वाटत आलं होतं.

"मीच काढली," आत्या ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली. "केर काढताना. काय घाण झाली होती ती!"

"आत्या, टेबल हलतंय."

"टेबल नाही हलत. जमीन वाकडी आहे."

"आपण चार घरं बदलली."

"चारही ठिकाणी वाकडी होती," आत्या म्हणाली, आणि विषय संपला. म्हणजे आत्याच्या बाजूने संपला.

कुर्ता बदलायला वेळ नव्हता असं नाही. इस्त्रीचा दुसरा नव्हता. मांडीवरचा डाग घेऊनच ती निघाली. निघताना रोजच्या सवयीने खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. शहराच्या कडेला कोळशावरचं जुनं वीजकेंद्र होतं, त्याची राख रात्रभरात न बोलावता यायची आणि सकाळी प्रत्येक कठड्यावर ठाण मांडून बसलेली असायची, लांबच्या नातेवाइकासारखी. येऊ नको म्हणता यायचं नाही, आणि आल्यावर तिचं सगळं करावं लागायचं. आत्याचा खोकला त्याच राखेचा. आत्याला विचारलं तर तो पंख्याचा. ते केंद्र बंद करायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं, फक्त त्याच्या जागी दुसरी वीज उभी राहायला हवी होती; आणि ती दुसरी वीज आज सकाळी तिच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर, लिलावात निघणार होती. लिलाव तिने रचला होता. नियम तिचे, घड्याळ तिचं, पडदा तिचा. बसमध्ये ती डाग पर्सने झाकून बसली आणि तरीही तिला छान वाटत होतं. आपण रचलेली गोष्ट चालणार, याबद्दल तिला लहानपणापासून कधी शंका आली नव्हती. चालणार म्हणजे कुठे चालत जाणार, याबद्दल मात्र कधीकधी यायची.

आत्याला हे समजावताना तिची चांगली दमछाक झाली होती. सरकार स्वतः काही बांधणार नाही. ओसाड माळ सरकारचा, वीज वाहून नेणाऱ्या तारा सरकारच्या. काचा, लोखंड, माणसं, कर्ज आणि डोकेदुखी खाजगी कंपनीची. कंपनीने बांधायचं, चालवायचं, आणि सरकारने पंचवीस वर्षं ती वीज ठरल्या दराने विकत घ्यायची. दर ठरणार लिलावात, पण उलट्या. साध्या लिलावात आकडा चढतो, इथे उतरतो. जो सगळ्यात कमी म्हणेल त्याला काम.

"म्हणजे तुम्ही ऊन विकत घेणार," आत्या म्हणाली होती.

"ऊन नाही, वीज."

"पण करणार उन्हाचीच ना? ऊन फुकट असतं."

"असतं."

"मग ते लोक शून्यच का म्हणत नाहीत?"

"काच फुकट नसते, आत्या. लोखंड फुकट नसतं."

"मला बसव तिथे," आत्या म्हणाली होती. "शून्यावर आणून दाखवते."

आणि आणलंही असतं. बाजारात आत्या म्हणजे हवामानातला बदल होता. लहानपणी पिशवी धरून ती आत्यामागे जायची, आणि तिचं काम ठरलेलं असायचं: आत्याने डाव्या हाताने पदर सारखा केला की कंटाळा आल्यासारखं करायचं आणि "चल ना घरी" म्हणायचं. ती हे इतकं उत्तम करायची की पुढे खरोखर कंटाळा आला तरी कुणी विश्वास ठेवेना. आत्या फारसं बोलायचीच नाही. दुकानदार आकडा सांगायचा, आत्या वस्तूकडे बघायची, मग दुकानदाराकडे, मग त्याच्या मागच्या भिंतीकडे, जणू काही भिंतीवर खरा भाव लिहिलेला आहे. दुकानदारही वळून भिंतीकडे बघायचा. तिथून पुढे तो उतरायला लागायचा, स्वतःच, एकेक पायरी, आत्याने बोट न हलवता. टेबल असंच आणलं. सुतार बारीक अंगाचा, कानामागे पेन्सिल. भिंतीकडे बघून झालं, पदर सारखा करून झाला, तिचं "चल ना घरी" म्हणून झालं, आणि सुतार निम्म्यावर आला. तिथे आत्याला थांबता आलं असतं. आत्या आणखी एकदा भिंतीकडे बघत राहिली. मग सुताराने कानामागची पेन्सिल काढली, पेन्सिलीकडेच बघितलं, परत कानामागे ठेवली आणि म्हणाला, "बरं ताई." परत येताना आत्या रस्ताभर हसत होती. "बघितलंस, कसा आला खाली?" पण तिच्या कानात ते "बरं ताई" राहिलं होतं. त्यात राग नव्हता, लबाडी नव्हती. चार पायांच्या हिशेबातून त्याने तेव्हाच, त्यांच्या देखत, काहीतरी वजा केलं होतं, आणि ते त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. ऐकायला मात्र एक कंटाळलेली पोरगीच होती. टेबल आलं. हललं. वडिलांनी घडी घातली. आत्याने जमिनीला दोष दिला. यावरून बहीणभाऊ पावसाळाभर एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणजे बोलले, पण तिच्यामार्फत. "आत्याला सांग, मीठ इकडे दे." "बाबांना सांग, मीठ त्यांच्यासमोरच आहे." आणि तरी, जेवताना कुणाचं कोपर लागून टेबल डुगडुगलं, की दोघांचे हात एकाच क्षणी पुढे यायचे आणि दोन बाजूंनी ते धरून ठेवायचे, एकमेकांकडे न बघता.

सातव्या मजल्यावरच्या खोलीत शिरल्यावर तिने आधी ऑफिसचं टेबल दाबून बघितलं. हे ती नेहमी करायची, कुठल्याही नव्या खोलीत. लोकांना वाटायचं लाकडाची पारख आहे. टेबल घट्ट होतं. समोर भिंतभर पडदा, त्यावर एकच मोठा आकडा येणार होता. तिच्या पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर प्रत्येक बोली कुठल्या कंपनीची ते दिसणार होतं. ते फक्त तिला आणि कोपऱ्यात बसलेल्या निरीक्षक बाईंना. निरीक्षक बाई बाहेरून आलेल्या, केस पांढरे, तोंडात खोकल्याची गोळी. त्यांना वाचायला परवानगी नव्हती, विणायला नव्हती, आणि विचारल्याशिवाय बोलायलाही नव्हती. त्या तीनही गोष्टी समाधानाने करत नव्हत्या.

साहेब मोठ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले होते, सिनेमाला बसावं तसे. ऑफिसात त्यांना उणेसाहेब म्हणत. हाताखालच्या प्रत्येक गोष्टीतून काहीतरी कमी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं: कागद, पंखे, रजा, शिपाई. कमी करायला काही उरलं नाही की ते उदास व्हायचे. "आज असा आकडा आला पाहिजे," ते म्हणाले, "की वाचणाऱ्याला वाटावं छपाईची चूक आहे."

तसा आकडा एकदा आला होता. तिच्या आधीच्या खेपेला. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर छापला, साहेबांना हार घातले, आणि मग काम मिळालेली कंपनी एके दिवशी फोन उचलेनाशी झाली. त्या दरात काचा बसत नव्हत्या. पाया खणला तर लोखंड बसत नव्हतं. माळावर आता एक तारेचं कुंपण होतं, मधोमध कोनशिला आणि तिच्यावर एक पहारेकरी. पहारेकरी रोज कोनशिलेवरची धूळ पुसायचा. त्या प्रकल्पातून निर्माण झालेली स्वच्छ ऊर्जा ती तेवढीच. ती तिथे जाऊन आली होती. उभं राहिल्यावर लांबवर कोळशाच्या केंद्राची चिमणी दिसायची, धुरासकट, अगदी निवांत. दुसऱ्यांदा असं झालं तर तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, हे तिथे उभं राहून तिला स्वच्छ कळलं होतं, आणि तिने महिनोन्‌महिने खपून हा लिलाव रचला होता. ह्या आकड्याखाली काच पातळ होते, लोखंड बारीक होतं, पाय आखूड होतो, असा एक तळ तिने हिशेब करून काढला होता. त्याच्या खाली बोली घ्यायचीच नाही असा नियम तिने सुचवला, तो साहेबांनी पहिल्याच बैठकीत कमी केला. "तळ ठेवला तर सगळे तळालाच येऊन बसतील." मग तळ तिच्या डोक्यातच राहिला.

बाकी नियम मात्र तिचेच होते आणि सुंदर होते. शेवटच्या आठ मिनिटांत कुणी बोली लावली तर घड्याळ पुन्हा आठ मिनिटांवर जाणार. म्हणजे ऐनवेळी झडप घालून जिंकता येणार नाही. आणि बोली लावणाऱ्याला पडद्यावर फक्त सगळ्यात कमी आकडा दिसणार. तो कुणाचा, हे दिसणार नाही. स्वतःचा आहे की दुसऱ्याचा, हेही पडदा सांगणार नाही; आपली शेवटची बोली ज्याची त्याने लक्षात ठेवायची. समोरचा दिसला नाही की माणूस मनातल्या माणसाशी भांडतो, आणि मनातला माणूस नेहमी जास्त हुशार असतो, असं तिने समितीपुढे सांगितलं होतं. समितीने माना डोलावल्या होत्या. ते सांगताना आपण भिंतीकडे बघितलं होतं, हे तिला नंतर आठवलं.

दहा कंपन्यांनी सुरुवात केली. आकडा धबधब्यासारखा खाली आला, मग ओढ्यासारखा, मग नळासारखा. एकेक कंपनी गप्प झाली. साहेब प्रत्येक पायरीला मांडीवर थाप मारत होते. दुपार व्हायला आली तेव्हा आकडा वाजवी होता, छानच होता. आत्या असती तर म्हणाली असती, आता कुठे सुरुवात. तिने मनातल्या मनात लिलाव तिथे संपवून टाकला, काचा बसवल्या, चिमणी विझवली. घड्याळात मिनिटभर उरलं होतं, आणि तेवढ्यात आकडा एक अगदी छोटी पायरी उतरला. घड्याळ परत आठवर. लगेच आणखी एक बोली, मोठी, गोल आकड्याची. मग शांतता. मग घड्याळ संपता संपता पुन्हा ती छोटी, चिकट पायरी. मग लगेच मोठी. दोन हात. एक शेवटच्या क्षणापर्यंत थांबणारा, जपून, नखाने टवका काढावा तसा. दुसरा उतावळा, दाणकन हात आपटणारा. दोन माणसं समोरासमोर उभी आहेत हे तिला कुठल्याही बाजारात डोळे मिटून ओळखता आलं असतं. तिने कोण म्हणून छोट्या पडद्यावर बघितलं. मग डोळे बारीक करून बघितलं. मग चष्मा पुसला. सगळ्या बोल्या एकाच कंपनीच्या होत्या.

काचवाले बापलेक. तिला ते लगेच दिसले, महिन्यापूर्वी शंका विचारायला सगळ्या कंपन्या बोलावल्या होत्या तेव्हाचे. म्हातारा खिडक्यांच्या काचा विकून वर आलेला, मुलगा शिकून आलेला, आणि दोघांच्या मध्ये एक हिशेबनीस, बांधावर उभा केल्यासारखा.

"याला विचारा, लोखंडाचा भाव कुठला धरलाय," म्हातारा म्हणाला होता.

"बाबांना सांगा, आजचा धरलाय," मुलगा म्हणाला. "त्यांच्या लग्नातला नाही."

"आजचा धरलाय म्हणतात," हिशेबनीस म्हणाला.

"ऐकू आलं मला. बहिरा नाही मी. त्याला सांगा मी बहिरा नाही."

सगळी सभा हसली होती, ती सोडून. तिला समोर मीठ दिसलं होतं. आणि शेवटी मुलाने हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, एकाच कंपनीला दोन ठिकाणांहून लॉगिन केलं तर चालेल का? एखाद्या ठिकाणची लाइन गेली तर, म्हणून." आणि ती, लाइन जाते हे पुरतं माहीत असलेली, उदारपणे म्हणाली होती, "चालेल."

चालत होतं. म्हातारा जुन्या दुकानात बसला असणार, मुलगा नव्या ऑफिसात. प्रत्येकाला खात्री असणार की दुसरा नुसता बघतोय. आणि प्रत्येकाच्या पडद्यावर एक अदृश्य, निर्दय, थकतच नाही असा शत्रू. पोरगं म्हणत असेल, कोण हा चिवट थेरडा? आणि म्हातारा म्हणत असेल, कोण हा माजोरडा पोरगा? दोघांचंही अगदी बरोबर. आकडा तिच्या तळाकडे सरकत होता, आणि प्रत्येक पायरीला तिला ऐकू येत होतं: बरं ताई. बरं ताई. मांडीवरचा डाग वाळून कडक झाला होता आणि ती हलली की कातडीला ओढ लागत होती.

"साहेब," ती खुर्ची जवळ नेऊन हळू म्हणाली. नावं सांगायची परवानगी नव्हती. जेवढं सांगता येईल तेवढं तिने सांगितलं. "यात आता स्पर्धा राहिली नाही. एकच कंपनी स्वतःचाच आकडा फोडतेय. त्यांना कळत नाहीये."

साहेबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "मग? स्वतःशी स्पर्धा करावी असं शाळेत शिकवतात."

"असंच चाललं तर काही बांधलं जाणार नाही. मागच्यासारखं होईल."

"मागच्यासारखं?" साहेबांच्या चेहऱ्यावर हारांची आठवण पसरली. "कितीपर्यंत जाईल? शून्याच्या खाली जाता येतं का हो?"

ती जागेवर येऊन बसली. कंपनीला फोन करायचा नाही, निरोप द्यायचा नाही, खूण करायची नाही; हा नियम तिनेच सगळ्यात कडक लिहिला होता, आणि तो बरोबर होता. एकाच्या कानात एक शब्द सांगितला की उद्या दुसऱ्याच्या कानात दुसरा, आणि मग लिलाव कशाला, गाठीभेटीच घ्याव्यात. तो मोडण्याचा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस आली, जेवणात केस यावा तशी. पण गप्प बसणंही जमेना. गप्प बसणं म्हणजे भिंतीकडे बघणंच. आत्या काय वेगळं करायची? सुताराला कुणी ढकललं नव्हतं. तो आपल्या पायांनी उतरला होता, त्याच्यासमोर एक बाई आणि एक पोरगी नुसती उभी होती, आणि पोरीचं काम ठरलेलं होतं. तिला अचानक वाटलं की त्या दिवशी "चल ना घरी" तिने खरंच म्हटलं असतं, खूण झाली म्हणून नाही, तर मधेच, निम्म्यावर, भूक लागली म्हणून, तर? कुणी सांगावं, सगळे घरी गेले असते, जेवले असते, आणि टेबलाला चार पुरे पाय असते. आणि लहान मुलाची भूक ही कुणाच्याच बाजूची नसते. तिने घड्याळ बघितलं. जेवणाची वेळ केव्हाच उलटून गेली होती. तिला खरोखर भूक लागली होती.

नियमांत एक कलम होतं: अपरिहार्य कारणासाठी, सर्व बोलीदारांना एकाच वेळी सूचना देऊन, निरीक्षकांच्या संमतीने लिलाव थांबवता येईल. घड्याळ जिथे असेल तिथे गोठेल. आगीसाठी लिहिलं होतं ते. ती कोपऱ्यात गेली.

"मी काही विचारू शकते?"

निरीक्षक बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तुम्ही विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. विचारा, उपकार होतील."

"जेवणाची सुट्टी देता येते का?"

बाईंनी आपल्या छोट्या पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणजे त्यांनाही सगळं दिसलं होतं. केव्हापासून, ते विचारायची तिला हिंमत झाली नाही. "नियमात सुट्टी नाही," त्या म्हणाल्या. "पण नियमात उपासही नाही."

"याने कुणाचा फायदा झाला, असं कुणी म्हटलं तर?"

"सगळ्यांनाच देताय ना? जो जेवेल त्याचा फायदा होईल." त्यांनी हात पुढे केला. "आणा, कुठे सही करायची? मला साखर आहे."

सगळ्या दहा कंपन्यांना एकच ओळ गेली: लिलाव एक तास स्थगित, कारण, जेवण. साहेब उठून उभे राहिले, पडदा गोठलेला बघून त्यांचा चेहरा सिनेमा मधेच बंद पडल्यासारखा झाला. "अहो मॅडम, रंगात आला होता! कारण काय दिलंत? जेवण? जगात कुठे असं झालंय?"

"निरीक्षकांना साखर आहे, साहेब."

"साखर!" साहेब म्हणाले. ती कशी कमी करावी याचा ते विचार करताना दिसले. मग ते बिस्किटाचा पुडा घेऊन गोठलेल्या आकड्यासमोर परत बसले, न जाणो तो एकटाच उतरला तर.

ती कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसली. टेबल दाबून बघायचं विसरली. घास तोंडात फिरत होता आणि तिला कळत होतं की तिने काहीही केलेलं नाही. एक रिकामी जागा फक्त ठेवली आहे, घडीएवढी. बापलेक वेगवेगळे जेवले तर संपलं. म्हातारा दुकानातच डबा खात असेल तर संपलं. त्या घरात कुणी बाई असेल का, जिने दोघांनाही फोन करून म्हटलं असेल, आता सुट्टी आहे ना, मग गरम खाऊन जा? टेबल असेल का? जर ते टेबल डुगडुगतं असेल, तर काय हवं! पण लोकांची टेबलं हल्ली फार पक्की असतात. तिला वडील आठवले, दर दिवाणखान्यात, दर घरात, वाकून घडी सारखी करणारे. ते कधी आत्याला म्हणाले नाहीत की तू चुकलीस. सुतारालाही कधी काही म्हणाले नाहीत. कमी पडलं तेवढं घालायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. लहानपणी तिला ते भित्रे वाटायचे. आज घास गिळताना तिला पहिल्यांदाच वाटलं की घरात तेवढा एकच माणूस आकड्यांच्या पलीकडचं काहीतरी करत होता. आणि हे वाटताच तिचा जीव एकदम सैल झाला, तिने डबा चाटून पुसून खाल्ला आणि वर आली.

घड्याळ पुन्हा सुरू झालं. उरलेली मिनिटं उलटी पळायला लागली. आकडा तिच्या तळाला टेकायला दोनच पायऱ्या बाकी होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका असायचा; कुणी बोलीचा रकाना उघडला की तो लागायचा. तो विझलेला होता. मोठा हात आला नाही. दाणकन काही आपटलं नाही. "का थांबले?" साहेब म्हणाले. "जेवून सुस्तावले काय?" निरीक्षक बाई छताकडे बघत होत्या. शेवटचं मिनिट लागलं, आणि ठिपका पिवळा झाला. म्हातारा. तो नेहमी शेवटच्या मिनिटालाच यायचा. म्हणजे ते बोललेच नाहीत. मीठ जिथल्या तिथे राहिलं. तिने टेबल दोन्ही हातांनी धरलं, ते घट्ट होतं तरीही. ठिपका विझला. पुन्हा लागला. कुठेतरी एक बोट बटणावर आलं होतं आणि कुठेतरी, तिला अगदी ऐकू आल्यासारखं वाटलं, कुणीतरी त्या बोटाला काहीतरी म्हणत होतं. ठिपका विझला. आकडा हलला नाही. घड्याळ शून्यावर आलं आणि पडदा हिरवा झाला.

"दोन पायऱ्या!" साहेब कळवळून म्हणाले. "दोन पायऱ्यांनी गोल आकडा झाला असता."

संध्याकाळी घरी आली तेव्हा आत्या टेबलाशी बसली होती, एक हात टेबलावर, ते धरून. तिने कठडा पुसला, हात धुतले, कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि घडी घालायला लागली.

"किती खाली आणलंस?" आत्याने विचारलं.

"होतं तिथे थांबवलं."

"मी असते तर ते अजून खाली आले असते."

"हो," ती वाकून म्हणाली. "म्हणून तुला नेलं नाही."

आत्या खोकली. मग टेबल उचलून धरलं, तिला घडी सरकवता यावी म्हणून. "नीट घाल," ती म्हणाली. "जमीन फार वाकडी आहे."

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी ती माळावर गेली. कोनशिला होती, पहारेकरी होता, पण आता त्याला पुसायला क्षितिजापर्यंत काचा होत्या आणि तो हबकलेला दिसत होता. लांबवरची चिमणी होती, धुराशिवाय, रिकाम्या पेल्यासारखी. काचवाला म्हातारा हिशेबनिसाला घेऊन समोर आला. मुलगा दोन रांगा पलीकडून ओरडत होता की बाबा, टोपी घाला, आणि म्हातारा थेट त्याच्याकडे बघून ओरडत होता की तूच घाल.

"तुमच्यावर आम्ही खटला भरणार होतो," म्हातारा तिला म्हणाला. "त्या दिवशी जेवायला घरी गेलो. हा पण आला. म्हटलं, आयुष्यात नाही विचारलं, आज विचारू: कोण रे तो हलकट, आपल्याला सोडतच नाही? तर हा म्हणतो, बाबा, मी तुम्हाला तेच विचारणार होतो. हिशेबनिसाने घास खाली ठेवला. याची आई जी हसायला लागली ती अजून हसतेय."

"मग खटला का नाही भरला?"

"वकील म्हणाला, आधी एकमेकांवर भरावा लागेल." म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "तरी मी जाऊन रकाना उघडलाच होता. सवय. याने फोनवर इतक्या शिव्या दिल्या, बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी बोलला. पण मॅडम, लिलावात जेवणाची सुट्टी हे काय प्रकरण?"

"भूक लागली होती," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

हिशेबनिसाने चहाचा ग्लास आणून दिला. तो हातात घेऊन ती जवळच्या रांगेपाशी गेली. लोखंडाचे पाय जमिनीत उतरलेले, जाड, सगळे सारखे. तिने एकाला आधी चपलेने ढोसलं, मग खांद्याने रेटलं, मग कुणी बघत नाही असं बघून चौकटीला पकडून जवळजवळ लोंबकळली. काही हललं नाही. दुसरा पाय, तिसरा, चौथा. चौथ्यापाशी ती जरा जास्त थांबली. मग भरलेला ग्लास तिने काचेवर ठेवला, घरी टेबलावर ठेवतात तसा, आणि हात काढून घेतला.

ग्लास शांतपणे, अजिबात न डुगडुगता, घसरत खाली आला आणि सगळा चहा तिच्या मांडीवर आला.

"अहो मॅडम!" मुलगा पलीकडून ओरडला. "उतार आहे तिथे! उन्हासाठी ठेवलेला!"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि कुर्त्यावरचा डाग उन्हात धरून उभी राहिली. या खेपेला टेबल हललं नव्हतं.